इटुकलीचा गोड थेंब

“नवी आलीय म्हणे. पण डोळ्यांना दिसतच नाही. हिचा उपयोग काय?”

शिवणीचं रोप गांडुळाच्या कानात बोललं. इटुकलीनं ते ऐकलं.

इटुकली म्हणजे मातीतला जीव. ठिपक्याहून लहान. ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्या झाडाच्या, ऐनबाबांच्या, मुळाशी राहायची. रोप लावताना खड्ड्यात जुन्या झाडाखालची ओंजळभर माती घालायची, ही गोदाकाकूंची रीत. त्या ओंजळीतून इटुकली इकडे शिवणीच्या मुळाशी आली.

तिकडे मुळातून रोज गोड थेंब पडायचा. टप्!
इकडे थेंबच नाही. पोटात गुडगुड. मनात ऐनबाबा.

निघाली इटुकली. सुळुक सुळुक.

“शिवणीताई, थेंब द्या.”
“कुठून देऊ? माती टणक. मूळ पसरत नाही. गांडूळभाऊजींना सांग.”

सुळुक सुळुक.

“भाऊजी, माती पोखरा.
भाऊजींनी पोखरलं की मूळ पसरेल.
मूळ पसरलं की थेंब पडेल.
तो थेंब मी पिईन.”
“माती कोरडी. अंग खरचटतं. काकूंना सांग पाणी घालायला.”

सुळुक सुळुक.

“काकू, पाणी घाला.
पाणी पडलं की भाऊजी पोखरतील.
भाऊजींनी पोखरलं की मूळ पसरेल.
मूळ पसरलं की थेंब पडेल.
तो थेंब मी पिईन.”
“घालीन गं, पण टिकतंय कुठं? उन्हात उडून जातं. वर पाला हवा. आणि मी बसले अंगणासारखं रान झाडून. वाऱ्याला सांग.”

सुळुक सुळुक.

“वारेदादा, पाला आणा.
पाला आला की पाणी पडेल.
पाणी पडलं की भाऊजी पोखरतील.
भाऊजींनी पोखरलं की मूळ पसरेल.
मूळ पसरलं की थेंब पडेल.
तो थेंब मी पिईन.”
“आणीन की. पण आधी ऐनानं द्यायला हवा.”

इटुकली ओढ्याच्या काठाशी थांबली. पलीकडे ऐनबाबा.

“कोण, इटुकली? परत येतेस का गं?”

हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. तिनं मागे पाहिलं. शिवणीताईची मान लवली होती.

“बाबा, पाला द्या.
पाला दिलात की वारा आणेल.
पाला आला की पाणी पडेल.
पाणी पडलं की भाऊजी पोखरतील.
भाऊजींनी पोखरलं की मूळ पसरेल.
मूळ पसरलं की थेंब पडेल.
तो थेंब मी पिईन.”

ऐनबाबांनी नुसतं अंग हलवलं. सळसळ सळसळ!

ऐनानं पाला दिला.
वाऱ्यानं पाला आणला. भुर्र भुर्र!
काकूंनी पाणी घातलं. डुबुक डुबुक!
भाऊजींनी माती पोखरली. वळवळ वळवळ!
मूळ पसरलं.
थेंब पडला. टप्!

इटुकलीनं चाखला. ऐनबाबांच्या थेंबासारखा नव्हता. जरा तुरट होता. पण गोड होता.

अंगात बळ आलं. तिनं पाला कुरतडला. कुटुकुटु कुटुकुटु! पाल्याचं मऊ मऊ जेवण रांधलं. मुळाशी नेऊन वाढलं. शिवणीताईनं मान वर केली. भाऊजीही येऊन बसले. दोघं खाऊ लागले.

इटुकली थोडा वेळ उभी राहिली. मग चांगलं मोठ्यानं म्हणाली,

“ताई, भाऊजी, सरका जरा. मीपण बसते जेवायला.”