पहिल्या खणाचा मान

घरोघरचे फोटो अल्बम सोडून डिस्कच्या पेटीत राहायला गेले, त्या काळातली गोष्ट. तनुजाताईंच्या पेटीत चार डिस्क होत्या. प्रत्येकीकडे आठवणींचा एकेक वाटा. चौघी क्रमाने बोलल्या की टीव्हीवर फोटो उघडायचे.

वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, पंचाहत्तरीला ताईंनी पेटी झाडूनपुसून घेतली आणि डिस्क परत बसवताना खणांची अदलाबदल झाली.

"पहिला खण, बोल!" पेटीने हाक मारली.

"आता पहिली मी!" धाकटी डिस्क ऐटीत म्हणाली आणि तिने शेवटचा वाटा आधीच सांगून टाकला. पाहुणे जमले, टीव्ही मात्र कोरा.

थोरली शेवटच्या खणातून ओरडली, "पेटीबाई, खणाला कसली हाक मारता? आमच्या अंगावर जन्मापासून क्रमांक आहेत, त्यांवरून बोलवा!"

ताईंच्याही ते ध्यानात आले. त्यांनी सेटिंगमध्ये खणांऐवजी क्रमांक लिहिले. प्रत्येकीने आपापल्या क्रमांकाला बसल्या जागेवरून ओ दिली आणि मुंडावळ्या बांधलेले अप्पा टीव्हीवर झळकले!

इतक्यात अप्पांच्या सजवलेल्या खुर्चीत नात चढून बसली. "अगं, ऊठ!" सगळे ओरडले.

अप्पा सतरंजीवर मांडी घालत म्हणाले, "बसू दे की! म्हणून काय पंचाहत्तरी तिची होते?"

पेटीतल्या चौघी घरघरत हसल्या. सगळ्यांत मोठ्याने धाकटी.