भीतीच्या मापाची गाडी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंपुढे येऊन उभी राहिली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "अण्णा, गाडी वळतच नाही हो." गाडी खोटी होती. पडद्यावरची, व्हिडिओ गेममधली. तक्रार मात्र खरी होती, आणि तिच्या तळहातांना सुटलेला घामही खरा होता.

गुरु-शिष्याच्या गोष्टीत व्हिडिओ गेम कुठून आला, म्हणून काही वाचकांच्या कपाळावर इथेच आठी पडली असेल. पडू द्या. मी स्वतः एकदा त्या खेळाच्या खुर्चीत बसलो होतो आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत घातली होती. तेव्हापासून या विषयावर मी फार नम्रपणे बोलतो.

ही गोष्ट कोल्हापुरातली. एका टायरच्या दुकानाच्या माडीवर शर्यतीच्या खेळाचं केंद्र होतं. खऱ्या गाडीसारखी खुर्ची, खरं स्टिअरिंग, पायाखाली पेडल, समोर तीन पडदे, आणि पडद्यावर रस्ता. तिथले गुरू रंगराव इंगवले. तरुणपणी त्यांनी खऱ्या रॅलींत खऱ्या गाड्या पळवल्या होत्या. आता डोळे आणि गुडघे दोन्ही कुरकुरत होते, म्हणून ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांना पळवायला शिकवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

शिष्येचं नाव संयोगिता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि संध्याकाळी इथे यायची. तिचा जोडीदार अल्ताफ मुजावर. जोडीदार म्हणजे शर्यतीतला. त्या शर्यतीचा नियमच असा होता, की दोघांनी मिळून एकच गाडी चार तास आळीपाळीने चालवायची. गाडी एक, म्हणजे तिची बांधणीही एकच. स्प्रिंगा किती कडक, गाडीला वाऱ्याने रस्त्यावर दाबून धरणारा मागचा पंख किती उभा, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती, हे सगळं आधी ठरवायचं. शर्यत रविवारी. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बांधणीला कुलूप लागणार, आणि त्यानंतर ती कुणालाही बदलता येणार नव्हती.

संयोगिता आली तेव्हा शनिवारचेच चार वाजून गेले होते.

तिचा जीव एवढा टांगणीला का लागला होता, तेही सांगायला हवं. अल्ताफला मस्कतमध्ये नोकरी लागली होती आणि पुढच्या आठवड्यात तो निघणार होता. ही दोघांची शेवटची शर्यत. आणि गेल्या वर्षी याच शर्यतीत, याच रस्त्यावर, ती दोघं पहिल्या क्रमांकावर होती. अल्ताफने जीव तोडून गाडी पुढे आणून तिच्या हाती दिली होती. शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या असताना उताराच्या एका डाव्या वळणावर गाडी तिच्या हातून फिरली, गर्रकन तोंड मागे झालं आणि ती भिंतीवर आदळली. खेळ संपला. त्या वळणाचा शेवट वरून दिसत नाही, गाडी एकदम खाली उतरते, म्हणून केंद्रातली मंडळी त्याला 'विहीर' म्हणत. अल्ताफ त्या दिवशी एक शब्दही बोलला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वर्षभर वाटत राहिलं.

आता पुन्हा तेच झालं तर? हा प्रश्न घेऊन ती झोपायची आणि हाच प्रश्न घेऊन उठायची. दुकानात गिऱ्हाईक अक्षरं वाचत असताना तिच्या डोळ्यांपुढे विहीर यायची. मग संध्याकाळी येऊन ती गाडीत काहीतरी बदलायची. मागची बाजू घसरू नये म्हणून मागचा पंख उभा केला. मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, पुढच्या कडक केल्या. ब्रेकचा जोर पुढे ढकलला. दर बदलानंतर विहिरीत गाडी थोडी शांत व्हायची आणि तिचाही जीव थोडा भांड्यात पडायचा. पण दुसऱ्या दिवशी भीती पुन्हा तिथेच असायची, म्हणून ती आणखी एक बदल करायची. शेवटी गाडी इतकी शांत झाली की वळेनाच. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक सरळच जायचं. पुढचे टायर अर्ध्या वेळातच झिजायचे. फेरीचा वेळ रोज थोडा थोडा वाढत चालला होता, आणि शनिवारी दुपारी तो गेल्या वर्षीपेक्षाही वाईट निघाला.

"अण्णा, आता काय बदलू सांगा ना," ती म्हणाली. "दोन तासपण नाहीत राहिले. पंख कमी करू का? का ब्रेक मागं घेऊ? का दोन्ही?"

अण्णांनी चष्मा पुसला. "गिऱ्हाईकाला चार काचा एकदम घालतीस का गं?"

"नाही."

"मग गाडीला कशाला घालतीस?"

तिला या वेळी उपदेश नको होता, उपाय हवा होता. मागच्या बाकावर अल्ताफ बसला होता. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेलं. दोन आठवडे ते तसंच होतं. विचारलं की म्हणायचा, झोपेत हात अवघडला.

अण्णा उठले, पडद्यापाशी गेले आणि त्यांनी तिने महिनोन्‌महिने केलेले सगळे बदल एका झटक्यात पुसून टाकले. गाडी गेल्या वर्षी होती तशीच झाली. त्या दिवशी जी फिरली होती, तीच.

संयोगिताने पडद्याकडे बोट दाखवलं. "अण्णा! ही तर तीच गाडी."

"तीच. बस आत. विहिरीपर्यंत जा आणि तिथं गाडी फिरव."

"फिरव म्हणजे?"

"म्हणजे फिरव. मुद्दाम. तोंड मागं होऊ दे. मग परत ये आणि परत फिरव. मी थांब म्हणेपर्यंत."

अल्ताफसुद्धा बाकावरून उठला. शर्यतीच्या आदल्या दिवशी, कुलूप लागायला इतका थोडा वेळ असताना, हा म्हातारा सरावाचा वेळ गाडी आपटायला लावतोय! संयोगिताने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग अण्णांकडे. तिला राग आला होता. पण आपण शिष्या आहोत, हे तिला आठवलं असावं. किंवा भांडायलाही वेळ उरलेला नव्हता. ती बसली.

पहिल्या वेळी तिला गाडी फिरवताच आली नाही. विहीर जवळ आली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. अण्णा मागून म्हणाले, "असं नाही. वेगात जा." दुसऱ्या वेळी तिने डोळे बारीक करून गाडी आत घातली. गाडी फिरली, पडदा गरगरला, भिंत समोर आली, आणि स्टिअरिंगला बसलेल्या धक्क्याने तिचे खांदे हादरले. सगळं गेल्या वर्षीसारखं होतं, फक्त या वेळी ते तिने स्वतःच्या हाताने केलं होतं.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "कधी कळलं?"

"काय?"

"गाडी फिरणार ते."

"फिरल्यावर कळलं," ती चिडून म्हणाली.

"परत जा."

घड्याळ पुढे सरकत होतं. ती जात होती, फिरत होती, आपटत होती. दर वेळी मागून तोच प्रश्न यायचा आणि तिचं उत्तरही तेच असायचं. खालच्या टायरच्या दुकानातून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते आणि प्रत्येक ठोक्यागणिक आपला वेळ कापला जातोय असं तिला वाटत होतं. पाच वाजून गेल्यावर केव्हातरी ती म्हणाली, "फिरताना कळलं." अण्णा नुसते हुं म्हणाले.

आणखी काही फेऱ्या झाल्या. आता एक गोष्ट घडली होती जी तिच्या लक्षातही आली नव्हती. विहीर जवळ आली की ती डोळे बारीक करत नव्हती. एकदा गाडी आत घालताना तिच्या हातांना काहीतरी जाणवलं. मागची चाकं सुटण्याच्या जरा आधी स्टिअरिंगने उलट्या बाजूला हलकीशी ओढ घेतली. कुणीतरी बाही धरून ओढावी तेवढीच. पुढच्या फेरीत तिने त्या ओढीची वाट पाहिली. ती आली. तिने हात तिच्यासोबत जाऊ दिले, पाय थोडा उचलला, आणि गाडी फिरता फिरता सावरली.

"कधी कळलं?" अण्णांनी विचारलं.

"फिरायच्या आधी," ती म्हणाली आणि खुर्चीतच मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिली. "अण्णा, ती आधी सांगते."

"गेल्या वर्षीपण सांगितलं असणार तिनं," अण्णा म्हणाले. "तू ऐकायला नव्हतीस. तू घाबरायच्या कामात होतीस." मग त्यांनी अल्ताफला जवळ बोलावलं, त्याचा बँडेजचा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्यासमोर धरला. "पोरी, एका वळणाला घाबरलीस आणि त्या एका वळणासाठी सगळी गाडी बांधलीस. बाकीच्या वळणांचं काय झालं, बघितलं नाहीस. भीती काय, असायचीच. मलाही होती. पण ती आपल्याजवळ ठेवायची. तू ती गाडीत घातलीस. आणि गाडी तुम्हा दोघांची आहे. तू कामावरनं यायच्या आधी हा तासन्‌तास सराव करतोय त्या न वळणाऱ्या गाडीवर. प्रत्येक वळणाला स्टिअरिंग पूर्ण पिळून. तुझी भीती कुठं गेली म्हणतीस? ह्याच्या मनगटात गेली."

संयोगिताने त्या बँडेजकडे बघितलं. दोन आठवडे ती ते रोज बघत होती.

"झोपेत अवघडला म्हणालास," ती म्हणाली.

अल्ताफ ओशाळून हसला. "तुला आणखी टेन्शन कशाला द्यायचं?"

तिला फार वाईट वाटलं. ज्याची शेवटची शर्यत आपल्या हातून बिघडू नये म्हणून ती एवढी तळमळत होती, त्याचीच शर्यत ती रोज थोडी थोडी बिघडवत आली होती. आणि तो, गेल्या वर्षीच्या आपटण्याबद्दल वर्षभर गप्प राहिला तसाच, याही वेळी गप्प राहिला होता. तिचे डोळे भरून आले. सहा वाजायला पंधरा मिनिटं उरली होती.

"आता एक बदल कर," अण्णा म्हणाले. "एकच."

तिचा हात सवयीने मागच्या पंखाच्या आकड्यावर गेला आणि तिथेच थांबला. ती अल्ताफकडे वळली. "तुला कशी हवी?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता.

अल्ताफने जरा विचार केला. "पंख एक घर वाढव. तुला विहिरीत बरं पडेल, मलाही चालेल."

तिने एक घर वाढवला. दोघांनी एकेक फेरी मारून बघितली. सहा वाजले, कुलूप लागलं.

रविवारी ती उठली तेव्हा भीती होतीच. तळहातांना तोच घाम. आदल्या दिवशीच्या एका तासाने माणूस बदलत नाही आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. पण ती गाडीत बसली, अल्ताफ बसला, पुन्हा ती बसली. विहिरीत दर फेरीला गाडी तिची बाही ओढायची, ती हात सैल सोडायची आणि पुढे जायची. दुसऱ्या क्रमांकावर असताना विहिरीच्या तोंडाशी पुढच्या एका हळू गाडीने एकाएकी ब्रेक मारला. तिला बाजूला सरकावं लागलं, चाक कडेच्या गवतावर गेलं, आणि गाडी फिरली.

या वेळी ओढ आली तेव्हा हात सैल सोडून गाडी सावरायला जागाच नव्हती. पडदा गरगरला. तिने ब्रेक दाबून धरला, गाडी भिंतीच्या अलीकडे थांबली.

"फिरली?" कानातल्या हेडफोनमधून अल्ताफचा आवाज आला.

"फिरली."

"बरं. ये."

तिने मागून येणाऱ्या गाड्या जाऊ दिल्या, नाक सरळ केलं आणि निघाली. गाडी दुसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर गेली होती. पुढच्या वळणावर तिच्या लक्षात आलं की तिचे तळहात कोरडे आहेत. जे होऊ नये म्हणून तिने वर्ष जाळलं होतं ते होऊन गेलं होतं, आणि गाडी चालत होती.

शेवटचा तास अल्ताफचा. वळायला राजी असलेली गाडी त्याने अशी पळवली की अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. दोघं चौथी आली. बक्षीस पहिल्या तिघांना होतं.

अल्ताफ खुर्चीतून उतरला. त्याने मनगटावरचं बँडेज सोडलं, नीट गुंडाळी केली आणि संयोगिताच्या हातात दिली. "ठेव तुला. मस्कतला नको मला." ती रडली, हसलीही. अण्णांनी दिवे बंद करायला घेतले.

आपल्यालाही एखाद्या वळणाची भीती असते आणि त्या भीतीच्या मापाने आपण घर, कामं, माणसं आवळून बांधत असतो. तसं करत असलो तर आपल्यासोबत त्याच गाडीत बसणाऱ्याचं मनगट एकदा हातात घेऊन बघावं.