हौदावरचा पुतळा

"हौद बुजवा आणि तिथं आमच्या आजोबांचा पुतळा बसवा," रणधवल राजानं फर्मान सोडलं आणि कोळशाच्या खाणीवर जगणारं काजळगाव हौदापाशी धावलं. अंघोळीला गावात तेवढा एकच हौद. खाणीतून वर आलेला माणूस तिथं अंग धुतल्याशिवाय कुठलाही उंबरा ओलांडत नसे, मग तो पाटील असो की नवा जावई. रीतच होती तशी.

पण राजाला गावाचा वारसा साजरा करायची हुक्की आली होती. त्याच्या आजोबांनी खाण काढली, म्हणून उत्सव. खाणकऱ्यांच्या आजोबांनी ती खणली, त्याचं कुणाला काय!

टोपल्या वाहणारी धुरपदा पदर खोचून पुढं आली. "महाराज, पुतळा अंघोळ करत नाही, आम्ही करतो. हौद राहू द्या आणि शेजारी न्हाणीघर बांधा."

"फार बोलतेस. मग उद्या संध्याकाळपर्यंत तूच पुतळा उभा कर. काळाभोर हवा. दगड नाही, छिन्नी नाही, आणि चेहरा हुबेहूब आजोबांचा! जमलं तर न्हाणीघर. नाहीतर हौद गेला."

"थोरल्या महाराजांना आम्ही कुठं पाहिलंय?"

"आमच्याकडे बघ की," राजानं मिशीला पीळ दिला.

"अगदी छाप!" दिवाणजींनी री ओढली. "काडीचा फरक नाही."

धुरपदाच्या डोक्यात तिथंच काहीतरी शिजायला लागलं. "उत्सवाची पहिली कुदळ खाणीत महाराजांनीच मारावी," ती गोडीत म्हणाली. "थोरल्या महाराजांनी मारली होती म्हणे."

आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी राजा टोपलीत बसून खाणीत उतरला. कुदळ मारली एकदाच, पण धूळ बसली नखशिखांत. वर येऊन तो उत्सवाच्या तंबूत शिरणार, तोच दारावर राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या भिवानं काठी आडवी धरली.

"आधी हौद."

"अरे, मी राजा आहे!"

"असशील बाबा. मग मी दिवाण आहे. जा, रांगेत उभा राहा."

राजा तणतणत हौदावर गेला आणि रांगेच्या शेवटी कमरेवर हात ठेवून ताठ उभा राहिला. धुरपदानं खऱ्या दिवाणजींना ओढतच आणलं.

"बघा नीट. काळाभोर आहे?"

"आहे."

"दगड, छिन्नी?"

"नाही."

"आणि चेहरा?"

दिवाणजींनी राजाकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर काल राजाच्या तोंडावर खोटं बोललो असं व्हायचं. "हुबेहूब," ते पुटपुटले.

"थांबा!" राजा गरजला. "पुतळा कधी हलतो का?"

"हा तरी कुठं हलतोय महाराज?" धुरपदा म्हणाली. "एका हौदावर एवढी रांग. दिवेलागणीपर्यंत तुम्ही इथंच आहात."

राजा रांगेकडे बघत राहिला. मग त्या काळ्या तोंडात पांढरे दात दिसले आणि तो पोट धरून हसत सुटला. "न्हाणीघर मंजूर! हौदाला कुणी हात लावायचा नाही," म्हणत त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. तेही काळंच झालं होतं. धुरपदानं ते पदरानं पुसलं, राजाला पुढं घेऊ का म्हणून रांगेतल्यांना विचारलं आणि पहिला तांब्या राजाच्या डोक्यावर ओतला.