ड्रोनचं घर

धरणाच्या पाण्याखाली एक गाव गेलं, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडलेली ही गोष्ट. निशिकांत नावाचा कॅमेरावाला एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग करायला त्या पाण्यावर आला. होडीतूनच त्याने ड्रोन उडवला. उडताना ड्रोनने जागा मनात पक्की केली: हे आपलं घर, परतायचं ते इथेच.

"दादा, टेकडीमागून एक शॉट घ्या ना," होणारी नवरी म्हणाली. ड्रोन टेकडीआड गेला आणि सिग्नल तुटला. बॅटरी संपत आली, तसा तो आपणहून मागे फिरला. एव्हाना होडी वाहत वाहत पार काठाला लागली होती.

"अरे, तिथे नुसतं पाणी आहे! तुझी माणसं काठावर आहेत," पाणकावळा ओरडला.

"माझी जागा कधीच चुकत नाही," ड्रोन म्हणाला आणि अगदी अचूक उतरला. पाण्याने आवाज न करता त्याला आत घेतलं.

खाली एका शेवाळलेल्या उंबरठ्यावर तो टेकला. चौकट उभी होती, दार नव्हतं.

"ये, बस," उंबरठा म्हणाला. "माणसं गेली, पण मीही जागा सोडली नाही. इतक्या वर्षांत घरी परतलेला तू पहिलाच."