भिंगरीने विकलेली ढोली

ज्या काळी रानातही राहायची जागा विकत घ्यावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. एक लांडगा झाडांच्या ढोल्या विकायचा आणि ग्राहक आणायचं काम खारींकडे असायचं. एका सकाळी सगळ्या खारींना समोर बसवून तो गरजला, "रडगाणं ऐकायचं नाही मला! आज जिची एकही ढोली खपणार नाही, तिने पिल्लांसकट रान सोडायचं!"

भिंगरी खारीकडे एकच ढोली उरली होती आणि तीही वाळवीने आतून पोखरलेली. उन्हं कलताना एक साळुंकी आली. अंडी घालायला जागा शोधून ती थकली होती.

"टिकेल ना गं ही, ताई?"

भिंगरीला आपली पिल्लं आठवली. "खुशाल राहा," ती म्हणाली.

लांडग्याने सर्वांसमोर तिची पाठ थोपटली.

आठवड्याभरात वाऱ्याने ते झाड कोसळलं. भिंगरी धावत गेली, तेव्हा साळुंकी फुटक्या अंड्यांपाशी बसली होती. ती भांडली नाही. उलट म्हणाली, "रडू नकोस, ताई. तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

वाळवीचं न सांगता भिंगरी फुटकी टरफलं गोळा करू लागली.