तळ्याचा बोलका दरवाजा

या, गोधडीत शिरा सगळे.

एक होता राजा. त्याचं नाव जयभान. त्याच्या गावाला भलंमोठं तळं होतं, आणि तळ्याला एक सागवानी दरवाजा. साधा नव्हे बरं का, बोलका. आधी विचारायचा, "उघडू का?" मग विचारायचा, "मिटू का?" दर वेळी तिघांनी हो म्हणायचं. राजानं, माळ्यांच्या धोंडजीनं आणि भोयांच्या केरबानं.

काय दिवस होते ते. धोंडजी म्हणायचा, मळे वाळतायत. केरबा म्हणायचा, मासे मरतील. राजा म्हणायचा, माझ्या बागेचं काय? दुपारपर्यंत नुसता कालवा. मग तिघं काठावरच कांदा-भाकर खायला बसायचे आणि भाकरी संपेपर्यंत काहीतरी ठरायचं.

पुढं राजाला या कटकटीचा कंटाळा आला. त्यानं धोंडजीला पालखी दिली. केरबाला जरीचा शेला दिला. म्हणाला, "तुमचं हो आता मीच म्हणत जाईन." दोघं गप्प बसले. मग त्यांच्यातच जुंपली, पालखी मोठी की शेला मोठा. लोक सांगायला गेले, की राजाशी बोला. धोंडजी म्हणे, आधी केरबानं बोलावं. केरबा म्हणे, आधी धोंडजीनं. मग लोकांनी सांगणंच सोडलं.

ऐन चैत्रात राजाला महालात कारंजी उडवायची हौस आली. त्यानं एकट्यानंच तीनदा हो म्हटलं. दरवाजा उघडला. आधी कारंजी उडाली, मग अंगण भरलं, मग महालाच्या पायऱ्या बुडाल्या. तळ्यात मासे तडफडायला लागले.

राजा धावत आला. "मीट," म्हणाला.

दरवाजा म्हणाला, "तुझ्या एकट्याचं ऐकून चुकलो. आता तिघांचे तीन आवाज हवेत."

धोंडजी पालखीत बसून आणि केरबा शेला गुंडाळून आले. तोंडं उघडली, पण नुसता वारा. राजापुढं गप्प बसून बसून हो-नाही म्हणायचा आवाजच गेला होता, बघा.

मग चिखल तुडवत भिवराबाई आली. मासे विकणारी म्हातारी ती. म्हणाली, "केरबा, तुझ्या बापाची हाक पलीकडच्या काठाला जायची. गळ्यातला शेला काढ आधी. आणि धोंडजी, तू खाली उतर. चिखलात पाय भरू देत."

केरबानं शेला काढला. धोंडजी पालखीतून उतरला. शेजारी मरणारे मासे बघून दोघांना रडू फुटलं, आणि रडता रडता आवाज फुटला. तिघांनी हो म्हटलं. दरवाजा मिटला.

पण अर्धं तळं गेलं ते गेलंच. तो उन्हाळा सगळ्यांनी कळशी कळशी मोजून काढला, राजानंसुद्धा. आषाढात तळं भरलं. काठावर पुन्हा तिघांचा कालवा सुरू झाला. लोक घरात बसून तो ऐकायचे, आणि त्यांना बरं वाटायचं.

राजा सुखी झाला, माळी-भोई सुखी झाले, उरलेले मासेही सुखी झाले. आता ज्याला भांडायचंय त्यानं सकाळी भांडावं. कुशीवर वळा.