घटका मोजणारी वेणू

एका गावात एका लग्नाचा मुहूर्त चुकला, आणि चूक भुजंगआबांची होती. आधीच सांगून टाकतो, कारण गाव अजून त्यांच्या नातीलाच दोष देतं.

आबांचं घर पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या घटका मोजायचं. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली. पुन्हा सोडायचं. किती वेळा बुडालं ते डोक्यात ठेवायचं आणि मुहूर्ताची घटका भरली की थाळीवर टोला द्यायचा. खूण करायची नाही, हा त्या घराचा तोरा. आबांना दिसेनासं झालं आणि काम नातीकडे, वेणूकडे आलं.

वेणू एकोणीस वर्षांची. तिला नसांचा आजार होता. कधी पाय बधिर व्हायचे, कधी नजर धूसर व्हायची. एक दिवस ती म्हणाली, "आबा, हल्ली आकडा मधेच निसटतो. दुपारनंतर तर डोकं पार थकतं. दर घटकेला भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढू द्या."

"म्हणजे गावाने हसायचं!"

आबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पावकी, निमकी, दिडकीचे पाढे म्हणायला लावले. ती कुठेही अडखळली नाही. म्हातारे परीक्षा अशीच घेतात, निकाल आधी ठरवून.

"डोकं तर तल्लख आहे. तुला काम नको, एवढंच."

"आबा, पाढे लहानपणी पाठ झालेत. आत्ताचं राहत नाही, ते सांगतेय."

"एकोणिसाव्या वर्षी कसला गं थकवा?"

वेणू पात्र घासायला उठली. भांडायलाही ताकद लागते.

पाटलांच्या मुलीचं लग्न आलं. मुहूर्त सूर्योदयापासून एकविसाव्या घटकेचा. आभाळ भरलेलं, सूर्य दिसेना. दुपारी पात्र बुडालं आणि वेणूचा हात थांबला. भरल्या मांडवात ती म्हणाली, "मोजणी सुटली. अठरा झाल्या असतील, नाहीतर एकवीस. मला खरंच माहीत नाही."

"एकवीसच!" आबा ओरडले आणि त्यांनी स्वतः थाळीवर टोला हाणला. अक्षता पडल्या. थोड्या वेळाने ऊन आलं. गावच्या जोशीबुवांनी सावली मोजली. मुहूर्ताला अजून दोन घटका बाकी होत्या.

पाटलांनी थाळी आणि घटका मोजायचं काम, दोन्ही त्या घराकडून काढून घेतलं. त्यानंतर वेणूने आबांना आपलं काहीच सांगितलं नाही. विचारलं की "बरी आहे" म्हणायची.

तात्पर्य: आपलं डोकं थकतंय हे ज्याचं त्यालाच आधी कळतं, तो तरुण आहे म्हणून त्याला खोटं ठरवू नये. आबांनी ठरवलं. त्यांचा मान गेला, आणि नात घरात असून बोलेनाशी झाली.